प्रसादाची बी

रामजन्माला अजून थोडा अवकाश होता आणि नीलांबरीताई शेंबेकर नारदाच्या गादीवर उभ्या होत्या.

उभं काय, कुणीही राहील. ताई गात होत्या. देवसड्याच्या राममंदिराच्या सभामंडपात चैत्रातलं ऊन कौलांच्या फटींतून गळत होतं, बायका पदरानं वारा घेत होत्या, पेटीवर विलासदादा रेडीज डोळे मिटून बसले होते, आणि या सगळ्यांच्या डोक्यांवरून ताईंचा आवाज कळसावरच्या पताकेसारखा फडफडत होता. गेल्या दोन रामनवम्या गावानं हा आवाज ऐकला नव्हता. दुसरे बुवा आले, चांगले होते बिचारे, पण गाव आपलं 'आमच्या ताई' म्हणून उसासे टाकत राहिलं.

खांबाला टेकून बसलेला निनाद गाणं ऐकतच नव्हता. तो ताईंच्या पायाशी ठेवलेल्या तांब्याकडे पाहत होता. गादीवर असली की ती त्याचीही ताईच असे. गादीवरून उतरली की आई. आईच्या घशातल्या गाठीला किरणांचे उपचार झाले होते. गाठ गेली, पण जाताना तोंडातली लाळ घेऊन गेली. जीभ टाळूला चिकटायची. एका वाक्याला दोनदा पाणी लागायचं. जिनं तीन-तीन तास उभं राहून रामकथा सांगितली, तिला 'चहा ठेव रे' एवढं म्हणताना ठसका लागायचा. आणि आज पूर्वरंग संपून आख्यान ऐन भरात आलं, तरी तांब्या भरलेला होता तसाच होता.

निनादचे डोळे भरून आले. हे त्याचं काम होतं. पुण्याच्या एका संशोधनसंस्थेतल्या काचघरात, वर्षानुवर्षं काट्यांनी हात फोडून घेत केलेलं.

माध्यान्हीला गुलाल उधळला, पाळणा झाला, आरती झाली. बाबी गुरव खिरापतीचं ताट घेऊन फिरू लागला. निनादनं सवयीनं हात पुढे केला. तळहातावर चिमूटभर सुंठवडा पडला, आणि सुंठवड्यावर एक फळ. वाटाण्याएवढं, नारिंगी, तुकतुकीत.

निनादचा हात तसाच राहिला.

"खा की," विलासदादा पेटीचा भाता बंद करत म्हणाले. "तुझंच औषध रे ते! ताई म्हणाल्या, देवानं दिलेलं एकटीनं कसं खाऊ? गावाचा वाटा काढायला नको? महिनाभर रोजच्यातली चार-चार फळं बर्फात साठवत होत्या."

मंडपात एकच हशा पिकला होता. फळ इतकं आंबट, की आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांचा एक-एक डोळा मिटत होता. "आई आई गं, चिंचेची पण आजी हाय ही!" कुणीतरी ओरडलं. आणि मग निनादच्या देखत, जो तो तोंडातली बी हलकेच हातावर घेऊ लागला. कुणी थुंकली नाही. कुणी टाकली नाही. बायकांनी पदराच्या गाठीत बांधली, पुरुषांनी रुमालात. प्रसादाची बी ती. पायदळी येऊन कसं चालेल?

*

त्या फळाचं नाव छरमा. लडाख-स्पितीच्या उघड्याबोडक्या डोंगरांत, नदीकाठच्या वाळूत हे काटेरी झुडूप आपसूक उगवतं. तिथल्या लोकांनी त्याची कुंपणं केली, जळण केलं, पानांचा चहा केला, फळांचा रस केला. एवढ्याशा फळात संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं, आणि गरात एक दुर्मीळ तेल असतं, जे तोंडाच्या, घशाच्या, पोटाच्या आतल्या नाजूक अस्तराला मानवतं. झाडाची खरी करामत मात्र जमिनीखाली. मुळांवर गाठी असतात, आणि त्या गाठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेतला नायट्रोजन धरून त्याचं खत करतात. म्हणजे छरमा नापीक जमिनीत नुसता जगत नाही. ती जमीन सुपीक करत, मुळांमधून नवे कोंब वर काढत पुढेपुढे सरकतो. ढासळत्या दरडी त्यानं बांधून ठेवल्या आहेत. असं झाड माणसाला आवडलं नाही तरच नवल.

निनादच्या गटानं त्याच्यात दोन बदल केले होते. पहिला असा, की गराच्या तेलात एक प्रथिन तयार व्हावं. किरणांनी झोपवलेल्या लाळग्रंथींना ते हलवून जागं करतं. मात्र रोज हलवावं लागतं. औषध थांबलं की त्या पुन्हा झोपी जातात. दुसरा बदल थंडीचा. मूळ झाडाच्या बीला रुजायला बर्फाळ हिवाळा लागतो. एवढं फळ हिमालयातून आणणार कसं? म्हणून थंडीची ही अट काढून टाकली. झाड मैदानातल्या उकाड्यात रुजायला, वाढायला आणि लवकर फळायला शिकलं.

अशा झाडाची बी काचघराबाहेर जाता कामा नये, हा नियम निनादनंच लिहिला होता. आणि मोडलाही त्यानंच. तेल काढताना त्या प्रथिनाचा बराचसा भाग वाया जायचा. ज्यांच्या ग्रंथी थोड्या तरी शाबूत होत्या, त्यांना तेवढं तेल पुरायचं; आईला ते लागूच पडेना. ताजं फळ दिलं, तेव्हा चौथ्या-पाचव्या दिवशी तिच्या जिभेखाली ओल आली. फळ चेचून बी काढावी, तर रस तासाभरात नासायचा. मग निनादनं डबा भरला, वर बर्फ ठेवला, आणि देवसड्याला आणून दिला. पुढचे डबे येत राहिले. निरोप एकच असे: बिया चुलीत टाकायच्या.

"टाकत होते की," रामनवमीच्या त्या दुपारी आई झांज पुसून पिशवीत ठेवता ठेवता म्हणाली. "पहिला डबाभर टाकल्या. मग माझंच मला ओशाळं वाटलं. मी देवाला दाखवल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाही, आणि ज्यानं वाचा परत आली ते तसंच तोंडात टाकते! मग नैवेद्य दाखवायला लागले. आता नैवेद्याच्या फळाची बी चुलीत घालू? काहीतरीच तुझं."

"मग कुठे टाकत होतीस, आई?"

"तुळशीत. तिच्याहून शुद्ध जागा कुठली आहे?" तिनं वर पाहिलं. "अरे, असा काय बघतोस? उगवलं नाही हो एकही. आणि उगवलं तरी हिमालयातलं बिचारं, आपल्या उकाड्यात कितीसा तग धरणार?"

किती तग धरणार, हे निनादइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो घरोघर हिंडला.

"बी परत?" बाबी गुरवाची बायको कमरेवर हात ठेवून हसली. "निनादभाऊ, प्रसाद कोण परत मागतं काय? आमी काय उकिरड्यावर टाकू? व्हाळात सोडली, वाहत्या पाण्यात."

दुसऱ्या घरी परसातल्या फणसाच्या बुंध्याशी पुरली होती. तिसऱ्या घरी विहिरीच्या काठाला. एका म्हातारीनं गिळून टाकली होती. म्हणाली, पोटात राम राहू दे. कुठे ओली माती उकरून दोन मिळाल्या, कुठे तीन. संध्याकाळी निनाद घरी आला तेव्हा एवढं गाव पालथं घालून मूठसुद्धा भरली नव्हती.

त्याच वेळी संस्थेला कळवायला हवं होतं. पण कळवलं असतं तर डबे बंद झाले असते. ओसरीवर आई नवीन चालीचं पद बसवत होती. एकाच जागेवर पुन्हा पुन्हा अडत होती आणि अडण्याचाही तिला आनंद होत होता. निनाद स्वतःशी म्हणाला, कोकणचा पाऊस आहे. कुजून जातील बिया. हा निष्कर्ष नसून नवस आहे, हे कळण्याइतका शास्त्रज्ञ तो होता.

*

गावाच्या वरच्या अंगाला कातळाचा सडा आहे. एरवी पापड भाजावा इतका तापलेला काळा दगड. श्रावण सरता सरता मात्र त्याच्यावर पाण्याचा पातळ पदर पसरतो आणि त्या पदरावर फुलं येतात. त्यातलं एक बारीक, निळंजांभळं. त्याला लोक सीतेची आसवं म्हणतात. वनवासात सीतामाईनं टिपं गाळली ती इथे, असं देवसड्याचं म्हणणं. शास्त्र वेगळं सांगतं, पण फार वेगळं नाही. त्या कातळात खायला काहीच नसतं. म्हणून हे रोप पाण्याखाली इवल्याइवल्या पिशव्या लावून सूक्ष्म किडे धरतं आणि त्यावर गुजराण करतं. तिथे दुसरं कुणी जगू शकत नाही, म्हणूनच ते जगतं. उपासावर पोसलेलं फूल.

दर भाद्रपदात ताई सड्यावर जात, ओंजळभर आसवं खुडून आणत, गादीवर वाहत आणि सीतेचं आख्यान लावत. लग्न होऊन आल्या वर्षापासूनचा त्यांचा नेम.

त्या रामनवमीनंतरच्या तिसऱ्या भाद्रपदात मायलेक सड्यावर चढले. आई चढणीवर गात होती. मध्येच थांबून "दम लागला की रे, पण घसा नाही हं सुकला," असं सांगत होती. वर पोचले आणि तिचं पद अर्ध्यावर तुटलं.

सड्यावर गवत होतं. गुडघाभर, हिरवंगार. आणि गवतात जागोजागी, कातळाच्या भेगाभेगांतून वर आलेली राखी पानांची काटेरी झुडपं. फळांनी अशी लगडलेली, की फांद्या नारिंगी दिसत होत्या. बुलबुलांची झुंबड उडाली होती.

बाबी गुरव म्हशी घेऊन आला होता. त्यानं लांबूनच हाक मारली. "ताई, बघितलात काय चमत्कार? कातळावर गवत! माझ्या आज्ज्यानं पण बघितलं नाय. खाली त्या झाडाशेजारची काजू बघा, कशी तरारलीय. आमी ह्याला ताईंचं झाड म्हणतो. माझी बायको रोज फळं खाते, हिरड्यांतलं रक्त थांबलं तिच्या." तो हसला. "तुमी देवाचा प्रसाद दिलात, देवानं सडा पिकवला."

आईनं त्याच्याकडे पाहून मान हलवली, आणि खाली बघत चालू लागली. जुन्या जागा तिला पाठ होत्या. एका जागी गवत होतं. दुसऱ्या जागी गवत होतं. बराच वेळ हिंडल्यावर दूर कडेच्या एका डबक्याच्या काठाला, परातीएवढ्या जागेत तिला आसवं सापडली. ती वाकली. खुडायला पुढे केलेला हात तिनं मागे घेतला.

"बाकीची कुठे गेली रे?"

निनादनं सांगितलं. मुळांवरच्या गाठी, हवेतून उतरणारं खत, त्या खतावर आलेलं गवत, गवताच्या सावलीत गुदमरलेली फुलं. "कुणी त्यांच्या तोंडचं काढून घेतलं नाही, आई. उलट भरभरून वाढलं. तेच त्यांना सोसलं नाही."

"म्हणजे मी वाढलं."

"आपण."

ती एका दगडावर टेकली. "आता काय करायचं?"

"कळवायचं. सरकारी समिती आहे. माणसं येतील, उपटतील. बी काचघराबाहेर गेली म्हटल्यावर परवाना रद्द होईल, काचघरातली झाडं जाळतील. मग..."

"मग डबा बंद."

"हो. आणि ही झाडं तुला चालणार नाहीत असंही नाही. काहींच्या फळात ते औषध उतरलंय, खाली गावात उगवलेल्या झाडांची फळं मी गेल्या खेपेला नेऊन तपासली. पण ती ठेवायची तर सडा जातो."

आई काही तरी मोठं बोलेल, गादीवरून बोलते तसं, असं निनादला वाटलं. त्याला त्याची भीतीही वाटत होती. पण ती गादीवर नव्हती, दगडावर बसली होती. ती बारीक आवाजात म्हणाली, "पुन्हा ते मुकं होणं नको रे बाळा. लोक म्हणतात, मनात नाव घ्या, देवाला पोचतं. त्याला पोचतं रे. पण मी म्हटल्याशिवाय मला पोचत नाही, त्याचं काय करू?"

निनाद तिच्याशेजारी टेकला.

"एक रामनवमी करू दे. मग कळव."

त्याला हायसं वाटलं. नुसतं हायसं नाही, आनंद झाला. डबक्याकाठच्या त्या परातीएवढ्या निळ्या तुकड्याकडे न पाहता तो आईचा हात धरून सडा उतरला.

*

ती रामनवमी देवसड्यानं पूर्वी ऐकली नव्हती अशी झाली. पाळण्याच्या वेळी विलासदादांना पेटीच्या पट्ट्या दिसेनात, इतके डोळे वाहत होते.

आणि तेवढ्या सहा-सात महिन्यांत बुलबुलांनी आपलं काम केलं. पुण्याला परतताना निनादनं एसटीच्या खिडकीतून पाहिलं, पलीकडच्या गावाच्या सड्यावर राखी ठिपके होते. घाटाच्या पायथ्याच्या सड्यावरही. त्यानं डोळे मिटून घेतले. पण घाट चढेपर्यंत तेवढंच दिसत राहिलं.

त्यानं कळवलं. नोकरी गेली, ती जाणारच होती. काचघर जाळलं त्या दिवशी त्याला आत जाऊ दिलं नाही. तो कुंपणाबाहेर उभा राहून धूर बघत होता. औषध घेणारी आणखीही माणसं होती. महिन्याभरानं त्यांच्यापैकी कुणाचा तरी फोन आला. निनाद "बोला, बोला" म्हणत राहिला. पलीकडून शब्द आला नाही. कोरडी जीभ टाळूवरून सुटताना चट् असा आवाज होतो, तेवढा आला. तो आवाज निनादच्या ओळखीचा होता.

देवसड्याला जाड हातमोजे घातलेली पोरंपोरी आली. पहारी, कुदळी, फवारे. त्यांच्यावर देखरेखीला मयेकर नावाच्या बाई होत्या, शांत आणि दमलेल्या. सडा साफ करून त्या गेल्या, पंधरा दिवसांनी आल्या, तर पुन्हा कोंब. पुन्हा काढले. पण गावात फिरताना त्यांना संशय येऊ लागला.

"शेंबेकर, तुमच्या गावातली तुळशीवृंदावनं इतकी दाट कशी हो?" त्यांनी विचारलं. "आणि प्रत्येक गोठ्यामागे पेंढ्याची गंजी भिंतीला टेकवून का उभी केलीय?"

निनादला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. प्रत्येक घरानं एक-एक झाड लपवलं होतं. कुणी तुळशीआड, कुणी पेंढ्याआड, कुणी विहिरीच्या आतल्या कपारीत. सरकारच्या विरुद्ध म्हणून नव्हे, गवताच्या लोभानंही नव्हे. ताईंसाठी. कारण ताईंचा आवाज बसायला लागला होता.

तो एकदम गेला नाही. आधी वरचे स्वर कोरडे पडले. मग बोलताना ओठांच्या कडेला पांढरं दिसू लागलं. मग तांब्या पुन्हा हाताशी आला. आणि सकाळ झाली की शेंबेकरांच्या ओसरीवर पानांचे द्रोण ओळीनं मांडलेले दिसत. फळांनी भरलेले, वर केळीचं पान झाकलेलं. ठेवणारी बाई दिसत नसे. एकदा एक सापडली, ती गुरवाचीच बायको.

"ताई, एवढं तरी घ्या ओ. कोणाला कळतंय?"

आईनं तिच्या गालावरून हात फिरवला. रागावली नाही. ती गेल्यावर आईनं द्रोण उचलले, स्वयंपाकघरात नेले आणि एकेक करून चुलीत रिकामे केले. रस चरचरत होता. निनाद दारात उभा होता. त्याला वाटलं, आत्ता पुढे व्हावं, एक द्रोण हिसकावून घ्यावा, लहान मुलाला भरवतात तसं तिला भरवावं. तो उभाच राहिला.

देवघर शेजारीच होतं. या खेपेला तिनं फळं देवापुढे ठेवली नव्हती. ठेवली असती तर जाळता आली नसती.

*

पुढच्या भाद्रपदात आईनं कीर्तन लावलं. विलासदादांना म्हणाली, "सूर खाली घ्या. जिथवर पोचेल तिथवर."

उन्हं कलायच्या वेळी मंडप भरला. मयेकर बाई मागे येऊन बसल्या होत्या. ताई गादीवर आल्या. या वर्षी गादीवर आसवं नव्हती. त्यांनी नमन केलं आणि सीतेचं आख्यान धरलं. गाणं नव्हतंच म्हणायचं. बोलणं, आणि बोलण्याच्या मध्ये पाणी. बाबी गुरवानं तांब्या दोनदा भरून आणला. पण अशी शांतता त्या मंडपात कधी नव्हती. विलासदादा पेटीचा एकच सूर धरून बसले होते, पडत्या माणसाला काठी द्यावी तसा.

"रामाकडे तिनं सोन्याचं हरीण मागितलं," ताई म्हणाल्या आणि थांबल्या. घोट घेतला. "सुंदर होतं. खरंच होतं ना सुंदर? मागणाऱ्याचं काय चुकलं? आणि ज्याला तिनं भिक्षा वाढली, तो दारात उभा होता, भुकेला म्हणत होता. वाढणाऱ्याचं तरी काय चुकलं?" पुन्हा घोट. "तरी लंका झाली."

त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"या गादीवरून मी तुमच्याजवळ कधी काही मागितलं नाही. आज मागते. आरतीच्या ताटात आज नाणं नको. घरात लपवलेलं झाड आणा. मुळासकट."

"मग तुमचा आवाज ओ, ताई?" बाबी गुरव जागेवरून उठलाच. गादीवर कुणी बोलत असताना असं उठायचं नसतं, हे त्यालाच सगळ्यांत जास्त ठाऊक.

ताई हसल्या. कोरडे ओठ चिरले. "माझा आवाज तुमच्याकडेच आहे की, बाबी. इतकी वर्षं नेलात ना घरी? तो मी परत मागत नाही. झाड तेवढं द्या."

बाबी मटकन खाली बसला. मग डोळे पुसत सगळ्यांत आधी तोच बाहेर पडला. त्याच्यामागे एकेक जण उठला. आरतीची निरांजनं पेटलेली तशीच होती. माणसं परत येऊ लागली, हातांत झुडपं, मनगटांवर ओरखडे, कुणाच्या कपाळाला रक्त. देवळासमोर ढीग वाढत गेला. शेवटी विलासदादा आले. त्यांच्या हातातलं झाड सगळ्यांत मोठं होतं, फळांनी वाकलेलं.

"माझ्या विहिरीत होतं," ते ताईंकडे न बघता म्हणाले. "रोज पाणी घालत होतो."

मयेकर बाईंनी चष्मा काढून पुसला. "असं कुठल्याच गावात झालं नाही," त्या निनादला म्हणाल्या.

निनादनं मान हलवली. तो ढिगाकडे पाहत होता. प्रत्येक झुडपाची मुळं कुठे ना कुठे तुटलेली होती. तुटलेला तुकडा जिथे राहिला, तिथून नवा कोंब येणार. आणि ज्यांनी बिया दूरदूर नेल्या, ते बुलबुल काही कीर्तनाला आले नव्हते. आरती सुरू झाली होती, गाव रडत रडत गात होतं, आणि ताई नुसते ओठ हलवत झांज वाजवत होत्या.

*

निनाद आता देवसड्यालाच राहतो. रोज सकाळी पहार घेऊन सड्यावर जातो. आई बरोबर येते; चढायला वेळ लागतो, पण येते. सड्याच्या कडेला, त्या डबक्याजवळ ती बैठक घालते. परातीएवढी आसवं या भाद्रपदात ताटलीएवढी राहिली आहेत. जमिनीत एकदा उतरलेलं खत झाड गेलं म्हणून परत जात नाही. निनादनं हे तिला सांगितलेलं नाही. तिनं विचारलेलंही नाही.

ती झांज वाजवते. शब्द येत नाहीत, ओठ हलतात. कुठलं पद चाललंय हे त्याला ठेक्यावरून कळतं, आणि त्या ठेक्यावर त्याची पहार पडते.

आज एका भेगेत बोटभर कोंब होता. राखी पानं, कोवळे काटे. निनादनं भोवतीचा दगड फोडला, मूळ धरलं, पाय रोवून ओढलं. मूळ कातळाखाली कुठवर गेलं होतं कोण जाणे. ते ताणलं गेलं, थरथरलं आणि तुटलं. हातभर त्याच्या हातात आलं. बाकीचं आत राहिलं.

तो तसाच वाकून उभा राहिला. हातातून रक्त येत होतं.

झांज थांबली. आईनं तांब्या उचलला. स्वतः घोट घेण्याआधी तो त्याच्यापुढे धरला. तो प्यायला. ती प्यायली. मग तिनं तांब्या खाली ठेवला, पदरानं ओठ टिपले आणि झांज पुन्हा हातात घेतली.

पलीकडच्या सड्यावरून, नारिंगी फांद्यांवरून, एक बुलबुल गाऊ लागला. त्याचा गळा ओला होता.